पावसाळ्यात दाराच्या चौकटीपाशी लॅमिनेट फ्लोअरिंग उचलतं: कारण कसं ओळखायचं, काम कसं करायचं

जुलै लागला की ठाणे, मुंबई, रत्नागिरी या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. बाकी खोलीत फ्लोअरिंग छान बसलंय, फक्त दारापाशी फळी वर आलीये आणि पाय पडला की कट्ट वाजतं. नागपूर-अमरावतीकडे तीच तक्रार मे महिन्यात वेगळ्या रूपात येते. चौकटीच्या पायाशी भरलेली लांबी (पुट्टी) तडकलीय, काळी फट दिसायला लागलीय. पुण्यात दोन्ही होतं. एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत कपडे वाळत नाहीत, त्यामुळे एकाच घरात उन्हाळ्यात फट आणि पावसाळ्यात उंचवटा दिसतो. मग दर वर्षी मिस्त्री येतो, फट पुन्हा भरतो किंवा उचललेल्या फळीत स्क्रू मारून जातो. पुढच्या मोसमात पुन्हा तेच.

माझं म्हणणं सरळ आहे: लाकडी चौकटीभोवतीची फट कशानेही भरायची नाही, ती चौकटीच्या खाली न्यायची. दिसायला सफाई हवी असेल तरी हाच मार्ग आहे आणि फ्लोअरिंग टिकायला हवं असेल तरीही हाच.

आधी फळी काय चीज आहे ते पाहू. लॅमिनेटच्या फळीत वर नक्षीचा कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर असतो, पण तिचा सगळा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला असतो. हवेतला दमटपणा वाढला की हा गाभा फुगतो, हवा सुकली की आकसतो. एक फळी किती फुगते ते डोळ्यांना दिसत नाही. पण फळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात, खाली फोमवर सुट्या असतात, त्यामुळे सगळी जमीन एकच सलग पाट असल्यासारखी सरकते. खोलीच्या दर मीटरमागे साधारण १ ते १.५ मिमी हालचाल धरायची. चार मीटरची खोली म्हणजे ४ ते ६ मिमी. म्हणूनच भिंतीपासून चारी बाजूंनी ८ ते १० मिमी जागा सोडतात आणि वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी येते, ती जागा कोणाला दिसत नाही.

चौकटीला स्कर्टिंग नसतं, सगळी गोची तिथे होते. जागा सोडली तर ती उघडी दिसते, आणि मालक नेमका दारातच उभा राहून काम बघतो. त्यामुळे मिस्त्री फळीला चौकटीच्या आकाराची खाच अगदी चिकटून पाडतो, नाहीतर फट ठेवून ती भुसा-फेविकॉलच्या लगद्याने, पांढऱ्या सिमेंटने किंवा एम-सीलने बुजवतो. काम संपल्या दिवशी ते सुंदर दिसतं. पण बाकी सगळीकडे मोकळी असलेली जमीन आता त्या एका ठिकाणी अडकली. फुगायला लागली की तिला तिथे जागा मिळत नाही आणि ती वर उठते.

आधी निदान, मग करवत

वर आलेली कड दोन प्रकारची असते. त्यातला फरक आधी ओळखा, कारण उपाय पूर्ण वेगळे आहेत.

पहिला प्रकार दाबाचा. दोन फळ्यांच्या सांध्यावर छपरासारखा उंचवटा येतो. हाताने दाबला तर खाली जातो, खाली पोकळ लागतं, सोडला की पुन्हा वर येतो. फळीची जाडी मात्र बदललेली नसते. ही फळी अडकलेली आहे, तिला जागा दिली की बहुतेक वेळा आपोआप खाली बसते.

दुसरा प्रकार पाण्याचा. सांध्याची कडच जाड झालेली असते, बोट फिरवलं की ओठासारखी लागते, दाबून हलत नाही, आवाजही करत नाही. बाथरूमच्या दाराशी किंवा बाल्कनीच्या सरकत्या दाराशी हे दिसतं. एचडीएफ पाणी पिऊन एकदा फुगला की सुकल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. ती फळी बदलावीच लागते, आणि पाणी कुठून येतंय ते बंद केल्याशिवाय नवी फळीही तशीच जाईल.

दाबाचा प्रकार असेल तर स्टीलची सहा इंची पट्टी घ्या आणि चौकटीच्या पायाशी फळीच्या कडेला उभी सरकवून बघा. कुठेच शिरत नसेल तर फळी चौकटीला टेकलीय. शिरतेय पण तळाशी काही कडक लागतंय, तर आत भरणा आहे. शेजारचं स्कर्टिंग दोन फूट काढून भिंतीपाशीही बघा, कारण कधीकधी चौकट निर्दोष असते आणि पलीकडच्या भिंतीला फळ्या भिडलेल्या असतात. दाब तिकडचा असतो, पण दारात पट्टा अरुंद असल्यामुळे उंचवटा तिथे येतो.

मग दारापाशी जमिनीत काय काय ठोकलंय ते शोधा. याकडे कोणाचं लक्ष जात नाही. दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावलेला मॅग्नेटचा डोअर स्टॉपर फळीतून आरपार खालच्या टाइलमध्ये स्क्रू केलेला असतो. फ्लोअरिंग झाल्यावर शेवटच्या दिवशी कोणीतरी येऊन तो लावून जातं. त्या एका स्क्रूने तरंगती जमीन खिळली जाते. दोन पाखांच्या दाराला खालची कडी जमिनीत जाते, तिचं भोक तंग असेल तर दार बंद असताना तेच होतं. ठाण्यातल्या एका घरात बेडरूमच्या दारातला उंचवटा चौकटीची फट मोकळी करूनही बसेना. स्टॉपर काढला, फळीतलं भोक मोठं केलं, आणि काही दिवसांत सांधा खाली आला. स्टॉपर हवाच असेल तर दाराच्या मागे स्कर्टिंगवर किंवा भिंतीवर लावा. जमिनीवरच लावायचा असेल तर फळीतलं भोक स्क्रूपेक्षा चारी बाजूंनी ८ मिमी मोठं ठेवा आणि ते झाकेल असा रुंद बुडाचा स्टॉपर घ्या.

भरलेलं कपाटही असंच करतं. खोलीच्या एका टोकाला भिंतीभर वॉर्डरोब फ्लोअरिंगच्या डोक्यावर उभा केला असेल तर त्या बाजूला जमीन सरकत नाही, सगळी हालचाल दाराकडे ढकलली जाते. फिक्स वॉर्डरोब आधी टाइलवर उभा करावा, फ्लोअरिंग त्याच्यापर्यंत आणून थांबवावं.

उंचवटा नाही, नुसताच आवाज आहे, तर दारातली मार्बलची पट्टी तपासा. आपल्याकडे दोन खोल्यांच्या टाइल्स जिथे मिळतात तिथे दाराखाली मार्बल किंवा ग्रॅनाइटची पट्टी टाकायची पद्धत आहे, आणि ती टाइलपेक्षा दोन-तीन मिमी वर राहिलेली असते. फळी तिच्यावर डुगडुगते. चौकटीच्या पायाशी वाळलेल्या सिमेंटच्या मसाल्याचा गोळा असेल तरी तेच होतं. लेव्हलपट्टी आडवी ठेवून उजेड कुठून दिसतो ते बघा. पट्टी ग्राइंडरने घासून टाइलला आणता येते. जाड फोम टाकून हे झाकायला जाऊ नका, फोम दबतो आणि क्लिकचा, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणारा, सांधा तुटतो.

चौकट खालून कापणं

लाकडी चौकट कापायची म्हटली की घरातली मंडळी घाबरतात. चौकट होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत रोवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते, तळाचा एक सेंटिमीटर कोरल्याने ती हलत नाही. शिवाय आपल्या चौकटी चार किंवा पाच इंच बाय अडीच इंचाच्या भक्कम असतात. त्या आरपार कापायच्याच नाहीत. फळी ज्या बाजूने येते त्या बाजूंनी साधारण २० मिमी खोलीची खाच पुरते. फळी १० मिमी आत जाईल, तिच्या पुढे १० मिमी मोकळी राहील. मधला लाकडाचा भाग पूर्वीसारखाच जमिनीवर उभा राहतो.

उंचीचा हिशोब मोजपट्टीने करू नका. फोमचा तुकडा आणि त्यावर फळीचा तुकडा, जसे प्रत्यक्ष येणार तसेच, चौकटीला लावून ठेवा आणि करवतीचं पान त्यावर आडवं टेकवून कापा. ८ मिमीची फळी आणि २ मिमीचा फोम असेल तर कापाची खालची बाजू बरोबर १० मिमीवर येते. करवत स्वतःच्या जाडीएवढं, एक-दीड मिमी लाकूड खाते, तेवढी मोकळीक वर आपोआप मिळते. ही मोकळीक हवीच. चौकट फळीवर दाबून बसली तर बाजूला कितीही जागा सोडा, फळी धरली जाणारच.

हत्यार म्हणून मल्टीटूल, म्हणजे पान थरथरवून कापणारं विजेचं यंत्र, सर्वांत चांगलं. त्याचं चपटं पान कोपऱ्यात सरळ आत घुसतं. नसेल तर बारीक दाताची, लवचिक पानाची ओढून कापायची करवत घ्या, तिने काम सावकाश होतं पण स्वच्छ होतं. साधी सुतारी करवत तिच्या मुठीमुळे जमिनीलगत बसत नाही, आणि ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून हा काप घेणं धोक्याचं आहे. पातं अडकलं की मशीन हातातून उसळतं. साल लाकडाची चौकट असेल तर लाकूड चिवट, पानाचे दात लवकर जातात, एक जास्तीचं पान जवळ असू द्या. मध्येच धातूचा आवाज आला तर थांबा. कधी तळाशी जुना खिळा असतो.

चौकटीवर बाहेरून मोल्डिंगची पट्टी असेल तर तीही त्याच कापात घ्या. काप झाला की खालचा तुकडा पटाशीने टाइलपर्यंत उडवा, कोपऱ्यातला भुसा आणि मसाल्याचे कण ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा. एक खडा आत राहिला तरी फळी आत जाऊन तिरकी बसेल. उघड्या पडलेल्या लाकडावर प्रायमरचा हात मारा. चौकटीचं तळ हे लाकडाचं आडवं तोंड असतं, ओल तिथूनच चढते आणि वाळवीलाही तीच वाट सोपी. तळाचं लाकूड काळं पडलेलं, बोटाने दाबलं तर मऊ लागत असेल तर फ्लोअरिंग थांबवा आणि आधी चौकटीचा पाय दुरुस्त करून घ्या.

या पद्धतीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे फळीतली खाच अगदी मापात नसली तरी चालते. तिची कड चौकटीच्या सावलीत कुठेतरी असते, पाच मिमी इकडे तिकडे झालं तरी बाहेरून रेघ सरळच दिसते. फक्त दोन काळज्या घ्या. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात आधी १० मिमी बिटने भोक पाडा आणि तिथपर्यंत काप आणा. तीक्ष्ण कोपरा ठेवला तर पुढे तिथूनच चीर जाते. आणि जिगसॉ वापरत असाल तर साधं पान वर येताना कापतं, म्हणून फळीची नक्षीची बाजू खाली ठेवून आखा आणि कापा. आखणी उलटी होते हे लक्षात ठेवून फळीवर बाण काढा, कारण डावी-उजवी खाच चुकून फळी वाया जाणं इथे फार सहज घडतं. हातकरवतीने कापताना नक्षी वर.

काम कोणत्या मोसमात करताय त्यावर फळी किती आत घालायची हे ठरवा. मे महिन्यात फळी आकसलेली असते, ती पुढे फुगणार, म्हणून पुढची मोकळी जागा पूर्ण १० मिमी ठेवा. भर पावसाळ्यात बसवत असाल तर फळी आधीच फुगलेली आहे, उन्हाळ्यात मागे सरकेल. तेव्हा ती १२ मिमी आत घाला, म्हणजे एप्रिलमध्ये चौकटीखालून बाहेर डोकावणार नाही. खोके कोणत्याही मोसमात निदान ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवून मगच उघडा.

चौकटीखाली क्लिक लागत नाही

इथे बरेच जण अडतात. क्लिकची फळी तिरकी धरून घालावी लागते आणि चौकटीखाली तिरकी धरायला जागाच नसते. शक्य असेल तर फ्लोअरिंगची सुरुवातच दाराच्या भिंतीपासून करा, म्हणजे दारातली ओळ आधी बसते आणि पुढच्या सगळ्या ओळी मोकळ्यात तिरक्या घालता येतात. दार शेवटी येत असेल तर आधीच्या फळीच्या खोबणीचा जो ओठ वर उचललेला असतो, तेवढाच धारदार पटाशीने छाटा. आता पुढची फळी आडवी ठेवून सरळ सरकवता येते. कुलूप गेलं म्हणून तिथे पाण्याला टिकणारा डी-३ दर्जाचा लाकडाचा गोंद लावा, वाकड्या तोंडाच्या लोखंडी पट्टीने फळी ओढून घ्या, वर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि सुकेपर्यंत त्यावरून कोणाला जाऊ देऊ नका. गोंद फक्त फळी-फळीच्या सांध्यात. टाइलला किंवा चौकटीला त्याचा थेंबही लागता कामा नये.

दाराच्या मधोमध फळीचा आडवा सांधा येऊ देऊ नका, सगळी वर्दळ तिथून असते. आणि खाच पाडल्यावर फळीची चार-पाच सेंटिमीटरपेक्षा अरुंद चिंधी उरणार असेल तर पहिली ओळ उभी चिरून सगळी मांडणी सरकवा.

ग्रॅनाइटची किंवा पत्र्याची चौकट

बाथरूमला आता बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटची चौकट असते. ती खालून कापायला जाऊ नका, कपचा उडतो आणि तो दुरुस्त होत नाही. इथे फट दिसतीच राहणार, तेव्हा ती नीट ठेवू आणि लवचिक भरण्याने झाकू. पुठ्ठ्याचा साचा करून चौकटीचा आकार फळीवर उतरवा, सारखी ८ मिमी फट ठेवून कापा, कापलेल्या एचडीएफच्या कडेवर सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. मग फटीत फोमची गोल दोरी दाबा आणि वर फळीच्या रंगाचा, सुकल्यावर रबरासारखा राहणारा सीलंट भरा. दोरी टाकायचं कारण म्हणजे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन कडांना धरतो आणि त्यांच्याबरोबर ताणला जातो. नुसता सीलंट खोलवर भरला तर तोही कडक भरण्यासारखाच वागतो. दोन्ही कडांना कागदी टेप लावून भरा, बोट फिरवा, ओला असतानाच टेप ओढा, रेघ धारदार येते.

बाथरूमच्या उंबऱ्यासमोर मात्र सीलंटवर विसंबू नका. फळ्या तिथे टाइलवर चिकटवलेल्या शेवटपट्टीत संपवा, आणि पट्टीच्या आत १० मिमी मोकळी ठेवा. पत्र्याच्या चौकटीलाही फट आणि सीलंट हाच उपाय बरा. कापली तर आतून गंज धरते.

दोन खोल्यांच्या मधली पट्टी

हॉल आणि बेडरूम सलग घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. दिसतं छान, पण दोन मोठे पाट दाराच्या अरुंद गळ्यातून जोडले जातात आणि प्रत्येक आपापल्या दिशेने ओढतो. सलग लांबी ८ मीटरच्या पुढे जात असेल किंवा दोन्ही खोल्या मोठ्या असतील तर दारात टी-पट्टी (इंग्रजी T आकाराची, दोन्ही बाजूंच्या फटी झाकणारी पट्टी) द्याच. ती बंद दाराच्या बरोबर खाली आली पाहिजे, म्हणजे कोणत्याही खोलीतून पाहिलं तरी एकच जमीन दिसते. पट्टीचा पाया टाइलमध्ये धरवा, दोन्ही बाजूंच्या फळ्या त्यापासून १० मिमी लांब थांबवा. फळीतून स्क्रू मारून बसवलेली टी-पट्टी मी खूप घरांत पाहिली आहे, आणि त्या घरांत दाराशी आवाज होताच. बाथरूमजवळच्या दारात ड्रिल न करता पाया चिकटवून घ्या, टाइलखालून पाण्याचा पाइप जात असू शकतो.

दार घासण्याचं काम सोपं आहे, फक्त आधी करा. जमीन १० मिमी वर येणार, त्यावर ४-५ मिमी मोकळी जागा हवी. तोच फळी-फोमचा तुकडा दाराखालून सरकवून बघा. दार बिजागरीतून उतरवून खालून रंधा मारता येतो, पण फ्लश डोअरला तळाशी लाकडाची लिपिंग (कडेची पट्टी) असते, तिच्या पलीकडे गेलात तर आतला गाभा उघडा पडतो. कापलेल्या कडेला रंग किंवा पॉलिश लावूनच दार चढवा.

फ्लोअरिंग आधीच बसवलेलं असेल तर

सगळं उखडायची गरज नसते. आधी स्टॉपर, कडीचं भोक, फळीतून गेलेले स्क्रू मोकळे करा. मग चौकटीभोवतीचा भरणा कोरून काढा. आता मल्टीटूलचं पान फळीच्या पृष्ठभागावर आडवं टेकवून चौकटीत २० मिमी खाच घ्या. पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये ठेवा, म्हणजे नक्षीवर ओरखडा येत नाही आणि थोडी मोकळीकही मिळते. खालच्या लाकडाचे तुकडे पटाशीने बाहेर काढा. फळीची कड जिथे चौकटीला टेकली होती तिथे आता पुढे जागा झाली.

उंचवट्यावर वजन ठेवून तो दाबू नका, सांध्याचं कुलूप मोडतं. फळ्यांना सरकायला काही दिवस द्या. खाली बसल्यावर चौकटीखालची कड आत आहे ना ते बघा. जुनी खाच मोठी पडली असेल आणि तिची कड चौकटीच्या बाहेर दिसत असेल, तर तेवढ्यापुरता रंगाचा लवचिक सीलंट चालेल, दोरीसकट. आणि दाराच्या पायाशी फळीच्या कडेलगत चौकटीवर पेन्सिलची बारीक खूण करून तारीख घाला. पुढच्या मे महिन्यात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये फळी त्या खुणेपासून किती सरकली ते दिसेल, आणि शेजारच्या खोलीचं काम काढाल तेव्हा तुमच्या घराला नेमकी किती जागा लागते ते मिस्त्रीला सांगता येईल.